ओळख

हेमांगीचा फोन तिलाच ओळखेना. नवऱ्याच्या मारहाणीचे फोटो त्यातच होते आणि उद्या कोर्टात तारीख होती. दुरुस्तीवाल्या मान्यांनी काच पुसली, फोन बंद करून चालू केला, तरी कुलूप काही निघेना.

"ताई, ही नवी कुलपं नुसता चेहरा बघत नाहीत, त्यावरचा भाव बघतात. रोज दिसेल तोच धरून ठेवतात. शेवटचा कधी उघडलात?"

"सासर सोडलं त्या दिवशी. मग वर्षभर कपाटात होता." ती हसली. "आता बरी आहे मी."

"मग त्याला तुम्ही परक्याच."

फोन तिच्या हातात देऊन तिच्या डोक्यावरच्या फळीवरून डबा काढायला मान्यांनी झटकन हात उचलला. हेमांगी दचकली आणि अंग चोरून भिंतीला टेकली.

हातातल्या फोनला लगेच तिची ओळख पटली.