हनुवटीवरचे फोड

त्वचेच्या डॉक्टरांनी केतकीच्या हनुवटीवरचे फोड भिंगातून पाहिले आणि विचारलं, "पाळी वेळेवर येते का गं?"

केतकी गोंधळली. दोन वर्षं तिने मुलतानी माती लावली होती, तळलेलं सोडलं होतं, मेडिकलमधून आणलेली तीन क्रीम संपवली होती. पण हे कोणीच विचारलं नव्हतं.

"तीन-तीन महिने येत नाही. पण पाळीचा चेहऱ्याशी काय संबंध?"

"पीसीओएस, म्हणजे अंडाशयाचा विकार असेल, तर पाळी लांबते आणि शरीरात पुरुषी हार्मोन वाढतात. त्याने असे फोड येतात, मान काळवंडते, हनुवटीवर राठ केस उगवतात. आधी रक्त तपासू, सोनोग्राफी करू, मग औषध ठरवू. घरात आणखी कोणाला आहे असा त्रास?"

"नाही," शेजारी बसलेली आई हनुवटीवर हात ठेवत पटकन म्हणाली.

"जाईल ना हे?" केतकीने विचारलं.

"वेळ लागेल, पण कमी होईल. यात तुझी काही चूक नाही."

चिठ्ठी घेऊन केतकी उठली. आई मात्र जागची हलेना.

"डॉक्टर, एखाद्या बाईला रोज दाढी करावी लागत असेल, तर तेही यातच येतं का?"

"येऊ शकतं. कोणाला करावी लागते?"

आईने हनुवटीवरचा हात बाजूला केला. "मला. लग्नाच्या आधीपासून. हिच्या बाबांनाही माहीत नाही."

केतकी आईकडे बघतच राहिली. मग ती पुन्हा खाली बसली.

"आईचाही केसपेपर काढा," ती म्हणाली, "आणि आधी तिला तपासा."