चौथी दश्शी

"खाणाखुणा करायच्या नाहीत हं!" स्वादुपिंडाच्या ऑपरेशनला चार दिवस झालेल्या निवृत्ती शेलारांनी समोर जोडीदार म्हणून बसलेल्या बायकोला, सुमनताईंना, बजावलं. खाटेवर मेंढीकोट रंगात आला होता. तीन दश्शा त्यांनी जिंकल्या होत्या. चौथी मिळाली की शेजारच्या खाटांवरच्या जोडीवर कोट! तेवढ्यात उशाशी लावलेल्या यंत्राच्या पडद्यावरचा, नाडी-श्वासावरून प्रकृती बिघडण्याची शक्यता टक्क्यांत सांगणारा धोक्याचा आकडा सातावरून अठ्ठावीसवर उडाला.

"डाव रंगलाय, म्हणून चढला!" शेलार हसले. वॉर्डही हसला.

सुमनताई मात्र आकड्याकडेच बघत राहिल्या. "अहो, पानं पालथी ठेवा बघू. डावामुळे चढला असेल तर उतरेल."

पानं पालथी पडली. सगळे श्वास रोखून बघत होते. आकडा छत्तीस झाला, मग एक्केचाळीस. ताईंनी बेल दाबली.

संध्याकाळी डॉक्टर ऑपरेशन थिएटरमधून जवळजवळ धावतच बाहेर आले. "आतल्या टाक्यांतून गळती सुरू झाली होती! ताप यायच्या आत पकडली, थांबवली!"

शेलारांनी गुंगीतून डोळे उघडले. आकडा उतरून नऊवर आला होता. "सुमन, माझी पानं कुणी पाहिली नाहीत ना?"

आयुष्यात कधी खुणेसाठी डोळासुद्धा न मिचकावलेल्या सुमनताई भर वॉर्डात ओरडल्या, "चौथी दश्शी माझ्याकडेय!"