दसऱ्याचा हार

दसऱ्याच्या सकाळी निनादने नव्या लाल गाडीचं इंजिन मुद्दाम घुमवलं. कुणी वळूनही पाहिलं नाही. सगळी सोसायटी शिर्केकाकांच्या लांबलचक, जुन्या अमेरिकन गाडीभोवती जमली होती. निनादच्या पोटात दुखलं.

ती जुनी काही केल्या सुरू होईना. त्याला बरं वाटलं. "म्युझियमला देऊन टाका, काका!"

तेवढ्यात पूजेचं तबक घेऊन बाबा खाली आले. तरुणपणी अशीच गाडी चालवलेले बाबा थेट तिच्यात जाऊन बसले. चोक अर्धा ओढला, पेडल हळूच दाबलं. गाडी धडधडली, तसे बाबा खळखळून हसले. निनादने गाडी घेतली तेव्हाही ते असे हसले नव्हते.

"बाबा, आपली पूजा राहिलीय!"

"तुझी काय, बटणावर निघते. हिची समजूत काढावी लागते," म्हणत बाबांनी तबकातला हार जुनीलाच घातला.

निनादने बटण दाबून गाडी बंद केली. तेही कुणाला कळलं नाही.