बांगड्याचे काटे

जेवणाच्या सुट्टीत जिचकार वरणभातातून काटे वेचत होते. वरणभातात काटे नसतात, आणि जिचकारांनी जन्मात मासा खाल्ला नव्हता. त्यांनी हात झटकला, ताट सारलं आणि तडक चौकशीच्या खोलीत गेले.

पेडणेकरच्या डोक्याला तारा लावलेल्याच होत्या. त्यांची दुसरी टोकं जिचकारांनी स्वतःच्या कानशिलांना चिकटवली. कैद्याला जे आठवेल ते अधिकाऱ्यालाही आठवायचं. मारहाणीची गरजच उरली नव्हती.

"तुझा फरार भाऊ कुठे लपलाय?"

आठवडाभर या प्रश्नावर पेडणेकर एकच आठवण काढत होता. तापाने फणफणलेल्या लहानग्या भावाला, बाबलला, मांडीवर घेऊन, बांगड्याचा एकेक काटा काढत त्याला घास भरवणं. जिचकार चिडले, ओरडले, येरझाऱ्या घालून थकले. आता घरी खुर्चीत बसलं तरी मांडीवर कुणाचं तरी गरम डोकं टेकलेलं वाटायचं.

आज पेडणेकरने आधी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. ती टेबलावरून नसलेले काटे वेचत होती.

"बघा साहेब, आता दाखवतो," तो म्हणाला.

खाडीकाठचा बंद पडलेला बर्फाचा कारखाना. मागची खोली.

फोन वाजला. वरिष्ठ होते. "पथक तयार आहे. दिसला की गोळी घालायची. कळलं काही?"

"नाही, सर. अजून मासाच दाखवतोय."

फोन ठेवून जिचकार खोलीत दोनदा फिरले. मग पेडणेकरजवळ येऊन हळूच म्हणाले, "तिथे बाबलला जेवायला कोण देतं रे?"