पालथा दिवा

आबी पाल्मोनं शेजारीण छोस्किटच्या दिव्यात बोट बुडवलं आणि चाटलं. गोंपाच्या, गावच्या बौद्ध मठाच्या, पायऱ्यांवर अख्खं गाव श्वास रोखून उभं होतं.

"डालडाच असणार," आबी आधीच बोलून बसली होती. "परक्या खोऱ्यातली सून. मागल्या पौर्णिमेला हिचा दिवा दुपारीच विझला. मी काय आंधळी आहे?"

लोण्याऐवजी डालडा निघाला, तर त्या घराचा दिवा वर्षभर गोंपातल्या फळीवर पालथा. आणि ज्याचा दिवा पालथा, त्याच्या घरचा चहा कुणी पीत नाही.

आबीनं पुन्हा चाटलं. झोमो गाईच्या दुधाचं, चुलीच्या धुराचा वास असलेलं अस्सल लोणी. आली का पंचाईत!

"लोणी आहे," ती पुटपुटली.

"मग आता शेजारचाही चाख, आबी-ले," लामा म्हणाले. "एकीलाच का त्रास?"

शेजारचा दिवा आबीचाच. तिनं ऐटीत बोट घातलं आणि जिभेवर टेकवलं. मेणासारखं काहीतरी टाळूला चिकटलं. ना वास, ना चव.

दिवा सकाळी तुंडुपनं भरला होता. 'तू गुडघे सांभाळ, आमा,' म्हणाला होता लेक. एरवी पाण्याचा तांब्या न उचलणारा! तेव्हाच ओळखायला हवं होतं. मेली मी गावभर संशय घेत हिंडले, तो घरातच घ्यायचा राहिला.

"काय गं आबी, जीभ गिळलीस का?" मागून कुणीतरी खिदळलं.

आबीनं बोट मुठीत लपवलं. तेवढ्यात छोस्किट पुढे झाली. त्याच दिव्यात बोट बुडवून तिनं चाटलं. क्षणभर आबीकडे बघितलं.

"लोणीच आहे, लामाजी. आमच्याहून सरस."

लामांनी मान डोलावली आणि वाती पेटवायला घेतल्या. गाव पांगलं.

उतारावर छोस्किटनं आबीचा हात धरला. "सावकाश, आबी-ले. बर्फ आहे. आमच्याकडं चहा घेऊन जा."

आबीला रडू फुटेल असं वाटलं. चार पावलं ती चालली. मग थबकली. हात काही सोडला नाही, पण डोळे बारीक केले.

"खरं सांग गं, तुला माझ्याकडून नेमकं हवंय तरी काय?"