पोच
समलिंगी माणसांच्या आठवणी जपणाऱ्या त्या दोन खोल्यांच्या ग्रंथालयात एक आजी आल्या आणि त्यांनी टेबलावर बंद पाकिटांचा गठ्ठा ठेवला. “लेक गेली महिन्यापूर्वी. ही तिच्या मैत्रिणीची पत्रं. मी एकही तिच्या हाती पडू दिलं नाही.” ग्रंथपालबाईंनी वरचं पाकीट उचललं. पाकिटांवरचं अक्षर त्यांचंच होतं. तीस वर्षं त्या समजत होत्या, तिनेच आपल्याला टाकलं. “तिने कधी विचारलं नाही?” “पोस्टमन दिसला की दाराशी धावायची. मी सांगायचे, विसरली ती तुला. जाळायला मात्र हात धजावला नाही. आता पोच द्या, म्हणजे सुटले.” बाईंनी पोच लिहून त्यावर सही केली. आजींनी सही वाचली, पाकिटामागचं नाव वाचलं आणि पोच खाली ठेवली. “पत्रं कशाला लिहीत बसलीस गं?” आजी म्हणाल्या. “एकदा दारात यायचं होतंस.”