समोरचा किनारा

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या घरात अस्मिता कांचनकाकूला आपला प्रबंध वाचून दाखवत होती. काकूची नजर पार गेली होती.

“सामुद्रधुनीच्या काठी कॅल्सेडन शहर वसवणाऱ्या ग्रीकांना लोक आंधळे म्हणत. समोरचा देखणा किनारा त्यांना दिसलाच नाही. पुढे तिथेच रोमन साम्राज्याची राजधानी झाली.”

“मला दिसतोय की!” काकू खिडकीकडे तोंड करून म्हणाली. “तुझे काका हात करतायत. एवढ्या थंडीत कानटोपीसुद्धा नाही!”

काका जाऊन चार वर्षं झाली होती.

“काकू, पार्किंग लॉट आहे गं तो.”

काकू उठली, पायांत चपला सरकवत म्हणाली, “येते हं.”

निघताना ‘जाते’ म्हणू नये, हे तिनेच अस्मिताला शिकवलं होतं. अस्मिताने तिचा हात घट्ट धरला आणि बाहेर पाहिलं.

बर्फात पार्किंगही दिसेना. वल्ह्यांचा आवाज मात्र काचेपाशी येऊन थांबला.